घोडं कुठे पेंड खातं

डिसेंबरचं बिल फ्रिजवर, चुंबकाखाली.
त्याच्या पाठीवर माझं अक्षर:
डावीकडे ओदेतची पागा, उजवीकडे घर.

डावीकडे महिन्याचे सहाशे चाळीस डॉलर,
जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर,
सेंट मेरी उपसागराचा वारा दारावर घेत
तिसऱ्या गिअरमधली वाट.
उजवीकडे लॉर्ननं बांधलेली शेड,
जिच्यात आता गवत कापायचं यंत्र उभं आहे
आणि त्याचे गमबूट,
जे मी अजून हलवले नाहीत.

घरी आणली तर
रात्रपाळी संपवून लॅबमधून आले तरी
हातोडीनं बादलीतला बर्फ फोडायचा.
दीडशे गासड्या ऑगस्टातच रचून ठेवायच्या.
लीद रोज वीस किलो,
नाताळच्या दिवशीही वीसच किलो.
नालबंद येणार सहा आठवड्यांनी,
तोही एका घोडीसाठी आमच्या फाट्याला वळायला कुरकुरत.
कुंपणाच्या तारेत वीज सोडायची,
आणि वादळात ती गेली
की हे घोडीला कळायला किती वेळ लागेल
ते खिडकीत बसून मोजायचं.

तिकडे यातलं काहीच नाही.
तिकडे गुरुवारी एक शिकाऊ पोरगा येतो,
जुनिपरचं ब्लँकेट उलटं बांधतो.
तिकडे मी पैसे भरते
आणि पाहुणी असते.

गेल्या मार्चमध्ये ओदेतचा फोन आला,
"मर्ना, तिच्या पोटात दुखतंय. ये."
मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.
आठपासून ती बाई
सत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून,
माझ्या घोडीला अंगणात गोल गोल फिरवत होती.
डॉक्टर येऊन गेला होता. धोका टळला होता.
दिव्याखाली लिदीचा छोटासा ढीग,
आणि त्याच्याकडे ओदेत अशी बघत होती
जसं कुणी नातवाच्या पहिल्या दाताकडे बघतं.
मी हाक मारली.
जुनिपरनं एक कान वळवला,
आणि नाक
तिच्याच कोटात खुपसून ठेवलं.

घरी येताना मी रडले,
ते घोडी वाचली म्हणून,
असं मी बहिणीला सांगितलं.

तर मग घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?
पैशात नाही. पैसे दोन्हीकडे जातात,
इकडे एकरकमी, तिकडे ठिबकत.
बर्फातही नाही, हात अजून चालतात माझे.
एकटी घोडी राहत नाही, तिथे अडतं.
ती कुंपणाच्या कडेनं चालत राहते
तिथलं गवत मरेपर्यंत,
आणि अशा आवाजात हाका मारते
की शेजारचे विचारायला येतात.
माझा सहवास तिला पुरेल असं मला वाटायचं.
मला स्वतःला तो
दोन हिवाळे पुरलेला नाही.

डीकनबद्दल काल ओदेतच बोलली.
एका डोळ्यानं आंधळा, सव्वीस वर्षांचा,
मालक आठ महिन्यांची बाकी ठेवून
अल्बर्टाला निघून गेलेला.
जुनिपर त्याच्या आंधळ्या बाजूला उभी राहते,
नेहमी त्याच बाजूला.
हे मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.
"नेशील तर दोघांना ने," ती म्हणाली,
"नाहीतर राहू दे इथेच."
आणि मग, जणू आणखीच काही विचारत असल्यासारखं,
"मी तरी अजून किती वर्षं?"

बिलाच्या पाठीवर आता जागा उरलेली नाही.
तीनशे गासड्या, असं मी समासात लिहिलं.
मग ते खोडलं.
जानेवारीचा चेक लिहिला, तारखेसकट,
पाकिटात घातला.
मग टॉर्च घेऊन शेडमध्ये गेले,
गवताचं यंत्र ढकलून बाहेर काढलं,
दोन घोडी मावतील का ते पावलांनी मोजलं.
सात पावलं. गमबूट मध्ये आले
म्हणून सहा.